दोन मानाचे पास परत पाठवते आहे
संग्रहालयातल्या मदतनिधी मैफलीच्या संयोजन समितीस खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि समितीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी आपला माणूस घरी पाकीट देऊन गेला. आत जाड कागदाचे, सोनेरी कडेचे दोन पास होते. डिसेंबरात आपल्या गावच्या संग्रहालयात व्हायोलिन आणि पियानोची मैफल. कार्यक्रमात बेथोवनचा 'स्प्रिंग' सोनाटा आणि सेझार फ्रांकचा ए मेजर सोनाटा, म्हणजे या दोन वाद्यांसाठी लिहिलेल्या, चार-चार भागांच्या दोन रचना. जमणारा निधी कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी. सव्वीस वर्षं साताऱ्यात व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईला याहून गोड बातमी कुठली असणार? हे सोनाटे विद्यार्थ्यांना मी आजवर मोबाइलवरच ऐकवत आले. ते समोर बसून ऐकायला मिळणार म्हणून त्याच रात्री सगळ्या पालकांना निरोप धाडले.

मग पासावरची खालची ओळ वाचली. 'सन्माननीय निमंत्रित. प्रवेश विनामूल्य. आसन राखीव.'

ते दोन्ही पास या पत्रासोबत परत पाठवते आहे. आपण ते आदराने दिलेत हे मी जाणते, तेव्हा कृपा करून राग मानू नका. पत्र खुलं लिहिण्याचं कारण एवढंच की असे पास मला एकटीला आलेले नाहीत. आमच्या एका गल्लीत आणखी चार घरी आलेत. एक डॉक्टर, एक वकील, एक माजी नगरसेवक आणि एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब. चौघेही सहज तिकीट काढू शकतील असे. आणि ज्या पालकांना मी निरोप धाडले त्यांतले एक रिक्षा चालवतात, एकीची खानावळ आहे. त्यांनी मात्र मला विचारलं, "मॅडम, आम्ही दोघं आलो नाही तर चालेल का? मुलीचं एकटीचं तिकीट काढतो."

माझी एकच विनंती आहे. या मैफलीला एकही फुकट पास नसावा. मला नको, पाहुण्यांना नको, पुढाऱ्यांना नको, आणि समितीतल्या कुणालाही नको.

हा हट्ट वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना यंत्रं आहेत. बहिणीचा तास संपेपर्यंत तो शेजारी चटईवर बसून असतो. ती तारा जुळवायला लागली की उठून जवळ येतो आणि व्हायोलिनच्या पाठीवर तळहात ठेवतो. खालचा षड्ज नीट लागला की माझ्याकडे बघतो. त्याला सुरातलं कळतं की लाकडातली थरथर कळते, ते मला सांगता येणार नाही, पण चुकीच्या जागी त्याने माझ्याकडे कधी बघितलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा आठवडाभर हाक मारली तरी तो वळेना. मला वाटलं, रुसला असेल. आईला विचारलं तर ती खालच्या आवाजात म्हणाली, "सेल संपलेत मॅडम. पगार झाला की आणते."

श्रवणयंत्राचा खर्च म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. यंत्र घेऊन दिलं, फोटो काढला, की झालं, असं ते नसतं. आतले गोळीएवढे सेल आठवड्या-पंधरवड्यात संपतात. कानात बसणारा साचा त्या मुलाच्याच मापाचा लागतो. मूल वाढलं, कान वाढला, की साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. लहान मुलांना तर काही महिन्यांतच नवा साचा करावा लागतो. साताऱ्याच्या पावसाळ्यातली ओल यंत्रात शिरते, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. आणि या सगळ्याला वेळेचं बंधन आहे. बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत उपाय सुरू व्हावेत, असं या विषयातले डॉक्टर सांगतात, कारण ऐकण्यापाठोपाठ बोलणंही मागे पडतं, आणि बोलणं मागे पडलं की शाळा.

एक राखीव फुकट खुर्ची म्हणजे कुणाच्या तरी कानातले काही आठवड्यांचे सेल, एवढा साधा हा हिशेब आहे.

असं होतं हे मी स्वतः पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अशाच मदतनिधी मैफलीत पियानोवादिकेशेजारी स्टुलावर बसून मी स्वरलिपीची पानं उलटत होते. संस्थेचं नाव घेत नाही, त्यांचाही हेतू चांगलाच होता. पियानो बाहेरगावाहून टेम्पोने आणला होता. सकाळी ट्यूनरने तीन तास बसून तो जुळवला. दुपारी मागचा फलक झाकला जातो म्हणून चार जणांनी तो ढकलत खिडकीपाशी नेला, आणि पश्चिमेचं ऊन संध्याकाळपर्यंत त्याच्यावर पडत राहिलं. व्हायोलिनवादकाने तार लावायला पियानोवरचा 'ए' मागितला. मग दोघांनी आणखी दोन-तीन सूर पडताळून पाहिले आणि थांबले. वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या उतरल्या होत्या. ट्यूनर तोवर परतीच्या एसटीत बसला होता.

कार्यक्रमाची वेळ सहाची. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, देणगीदारांचे सत्कार, मग त्यांची मनोगतं. पहिला सूर लागला तेव्हा साडेसात वाजले होते. थंडीचे दिवस. पियानो वाजवणाऱ्या त्या मुलीची बोटं गार पडली होती. शालीत हात घालून ती सारखी चोळत होती. मी थर्मासमधलं गरम पाणी कपात ओतून तिला नुसतं धरायला दिलं. दारातून येणाऱ्या वाऱ्याने पानं उडत होती, ती मी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरली.

पहिला भाग संपल्यावर मान वर करून पाहिलं तर सोफ्यांच्या दोन्ही रांगा जवळजवळ रिकाम्या. सत्कार उरकून पाहुणे गेले होते. त्यांच्या गाड्या सुरू झाल्याचे आवाज नेमके हळुवार जागी आत आले होते. तिकीट काढून आलेली माणसं मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, काही भिंतीला टेकून उभी. पुढे येऊन बसायला कुणी धजेना, कारण सोफ्यांच्या पाठीवर 'राखीव'च्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या भागाला हात लावला. पुढे मंडप, जेवण, शाली, हार, पियानोचं भाडं आणि टेम्पो वजा जाता जे उरलं, ते ज्यांच्यासाठी हा घाट घातला त्यांना देताना आम्हा सगळ्यांच्याच माना खाली गेल्या.

आपल्या मैफलीचं असं होऊ नये.

आपण म्हणाल, पास दिले नाहीत तर माणसं दुखावतात, पुढच्या वेळी देणगी देत नाहीत. खरं आहे, मानपान हा आपल्या गावचा स्वभावच आहे. पण ज्याने देणगी दिली त्याचा मान देणगीतच झाला. त्याला आणखी काही करावंसं वाटत असेल तर त्याने पाच तिकिटं विकत घेऊन संगीत शिकणाऱ्या पाच मुलांना द्यावीत. खुर्ची भरेल, पैसाही येईल, आणि रिक्षावाल्या बापाला मुलीशेजारी बसून ऐकता येईल. देवळातलं गाणं फुकट असतं, हेही कुणी सांगेल. आपल्या जिल्ह्यातल्या औंधला गायक अंतूबुवा जोशींनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या उत्सवाचं उदाहरण देईल. तिथे कलावंत हजेरी लावायला येतो, श्रोता सतरंजीवर बसतो, ती दोघांचीही सेवा असते. तिथे कुणाच्या सोफ्यावर चिठ्ठी नसते. मदतनिधीची मैफल वेगळी. तिथे तिकीट हेच दान.

दुसरं महायुद्ध चालू असताना लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बच्या भीतीने सुरक्षित जागी हलवली होती, दालनं ओकीबोकी झाली होती. पियानोवादिका मायरा हेस यांनी तिथे दुपारच्या मैफली सुरू केल्या. १० ऑक्टोबर १९३९ ला पहिली मैफल झाली, त्या स्वतःच वाजवायला बसल्या. १० एप्रिल १९४६ पर्यंत १,६९८ मैफली झाल्या आणि सव्वाआठ लाखांच्या आसपास माणसं येऊन ऐकून गेली. प्रवेशाचा दर एक शिलिंग. कचेरीतून जेवणाच्या सुट्टीत आलेल्या कारकुनालाही परवडेल असा. त्यातून जमलेला पैसा अडचणीतल्या वादकांच्या मदतनिधीला जाई. थोडं घ्या, पण सगळ्यांकडून घ्या, हे त्यांनी साडेसहा वर्षं करून दाखवलं.

संग्रहालयाचा विषय निघालाच आहे तर आपण निवडलेल्या फ्रांकच्या सोनाट्याबद्दलही सांगितलं पाहिजे. हा सोनाटा फ्रांकने १८८६ साली यूजेन इझाय या तरुण व्हायोलिनवादकाला त्याच्या लग्नाचा अहेर म्हणून लिहून दिला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला ब्रसेल्सच्या आधुनिक चित्रांच्या संग्रहालयात मैफल होती. फ्रांकच्या रचनांचा मोठा कार्यक्रम, आणि सोनाटा अगदी शेवटी. हिवाळ्याचा दिवस लवकर मावळला. चित्रांच्या दालनात दिवा लावायचा नाही, काडीसुद्धा ओढायची नाही, असा संग्रहालयाचा नियम. पहिला भाग संपेपर्यंत कागदावरचे सूर दिसेनासे झाले. लोकांना घरी जायला सांगण्याची वेळ आली, पण लोक उठेनात. तेव्हा इझायने गजाने स्टँडवर टकटक केलं, "चला, चला!" म्हणाला, आणि त्याने व पियानोवादिका लेओंतीन बोर्द-पेन हिने उरलेले तीनही भाग काळोखात पाठ वाजवले. फ्रांकचे शिष्य व्हँसाँ दँदी तिथे होते, त्यांनी हे लिहून ठेवलं आहे.

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगते. मुलं विचारतात, "एवढा मोठा कार्यक्रम आणि दिवा का नाही लावला?" मी सांगते, भिंतीवरची चित्रंही तिथे राहत होती म्हणून. आपल्याही संग्रहालयात समईची काजळी, अगरबत्तीचा धूर आणि कॅमेऱ्याचे लखलखाट चित्रांना आणि जुन्या कापडाला मानवणारे नाहीत. दीपप्रज्वलन करायचंच असेल तर बाहेर ओसरीवर करा, दोन मिनिटांत करा, आणि आत या.

हे परदेशी संगीत, त्याला साताऱ्यात पैसे मोजून कोण येणार, अशी शंका समितीतल्या एका ज्येष्ठांनी काढली असं ऐकलं. पास वाटण्यामागे ही भीती असेल तर ती काढून टाका. व्हायोलिन युरोपातून आलं हे खरं. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते कर्नाटक संगीतात आणलं. पण हिंदुस्थानी संगीतात त्याला बैठकीत मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत दोन मोठी नावं आपल्याच जिल्ह्याची आहेत. पं. वि. गो. जोग यांचा जन्म १९२२ सालचा, आपल्या वाईचा. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईसमोर त्यांचं व्हायोलिन ज्यांनी ऐकलं त्यांना आणखी काही सांगायला नको. आणि औंध दरबारचे अंतूबुवा जोशी, त्यांचे चिरंजीव गजाननबुवा. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची गायकी पचवलेला हा माणूस हातात गज घेतला की व्हायोलिनमधून गायचा. त्याच औंधच्या टेकडीवर तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प तिथे एका छपराखाली आहेत. एवढ्याशा संस्थानाला चित्र आणि सूर दोन्ही परके वाटले नाहीत, ते आज सातारा शहराला का वाटावेत?

आमच्याकडे व्हायोलिन मांडी घालून, त्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात. पाश्चात्त्य वादक ते उभं राहून हनुवटीखाली धरतात. आम्ही तारा षड्ज-पंचमात लावतो. त्यांच्याही शेजारशेजारच्या तारांत पंचमाचंच अंतर असतं. फरक पियानोशी गाठ पडते तिथे. व्हायोलिनला पडदे नाहीत, सूर ओढता येतो, घासता येतो, गज आहे तोवर धरून ठेवता येतो. पियानोत हातोडी तारेवर आपटली की सूर जन्मतो आणि लगेच विरायला लागतो. त्याला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. अशा दोन वाद्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हाच या सोनाट्यांचा खेळ. फ्रांकच्या शेवटच्या भागात पियानो एक साधी चाल म्हणतो आणि व्हायोलिन एक 'बार', म्हणजे मोजक्या मात्रांचा एक तुकडा, मागे राहून तीच चाल उचलतं, भजनात पुढच्याने ओळ टाकावी आणि मागच्या टाळकऱ्यांनी ती झेलावी तसं. आपल्या माणसांना हे समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतील. लांबलचक प्रास्ताविकाऐवजी व्हायोलिनवादकाला ती ओळ एकदा वाजवून दाखवायला सांगा. आणि एखाद्या भागानंतर मध्येच टाळ्या पडल्या, कुणी "वा!" म्हणालं, तर त्याला दटावू नका. आवडलं म्हणूनच म्हणाला तो.

पियानोबद्दल मात्र मी अडून बसणार आहे. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर हे भागणार नाही. ८८ पट्ट्या, आत सुमारे २३० तारा, आणि त्या सगळ्यांचा मिळून चौकटीवर १८ ते २० टनांचा ताण. असं वाद्य खंबाटकीचा घाट ओलांडून आलं की त्याला नव्या हवेत रुळू द्यावं लागतं. ते आदल्या दिवशी आणा, खिडकी, दार आणि ऊन यांपासून लांब ठेवा, जागा ठरली की मग जुळवा, आणि जुळवल्यावर कुणालाही हलवू देऊ नका. ट्यूनर मैफल सुरू होईपर्यंत थांबेल असं ठरवा, त्याचं जेवण आणि मुक्काम त्यात धरा. दीडदोनशे माणसांच्या दगडी दालनात माइकची गरज नाही, ते भाडं वाचेल. शाली-श्रीफळांचं वाचेल, सोफ्यांचं वाचेल. दोन्ही सोनाटे मिळून तासाभराच्या आतलं वादन आहे. तेवढ्यासाठी तासभराची भाषणं नकोत.

कलावंतांनी मानधन घ्यायचं की सोडायचं ते त्यांना ठरवू द्या. 'समाजकार्य आहे' म्हणून त्यांच्यापुढे नुसता नारळ ठेवू नका. हमाल, टेम्पोवाला आणि ट्यूनर यांचे पैसे आधी. आणि मैफलीनंतर पंधरा दिवसांत जमा किती, खर्च किती, किती मुलांना काय मिळालं, त्यात सेल आणि साच्यांचे किती, हे सगळं एका कागदावर लिहून संग्रहालयाच्या दाराशी लावा. नावं नकोत, आकडे पुरेत.

ज्यांना माझ्यासारखे पास आले आहेत त्या सातारकरांनाही इथेच हात जोडून सांगते. ते परत करा आणि तिकीट काढा. समितीला कमीपणा देण्यासाठी हे करायला सांगत नाही. अशाने तिचं काम सोपं होईल, कारण पास मागायला येणाऱ्या पुढच्या माणसाला तिला सरळ सांगता येईल की डॉक्टरांनीही तिकीटच काढलं.

पाससोबत पाकिटात तीन तिकिटांचे पैसे ठेवले आहेत. एक माझं, दोन त्या कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या आईवडिलांची. त्याच्या बहिणीचं तिकीट त्यांनी आधीच काढलं आहे. जागा मागची चालेल. तो स्वतः पाच वर्षांचा आहे, त्याला तिकीट लागत असेल तर कळवा, तेही पाठवते.

आणि एक. संग्रहालयात कशालाही हात लावायचा नाही हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी सरावाच्या वेळी, वादकांची हरकत नसेल तर, त्या मुलाला पियानोच्या लाकडावर एकदा तळहात ठेवू द्या. आपली परवानगी असेल तर साडेचारला मी त्याला घेऊन मागच्या दाराशी थांबेन.

आपली नम्र,
साताऱ्यातील एक व्हायोलिन शिक्षिका